शैलाकाकूंचा तिसरा ढीग

शैलाकाकू, आधी तुमचं नाव लिहिते, मग बाकीचं. पुण्यात मला घर दिलं ते तुम्ही. आठवीत सुटलेलं वाचन परत हातात दिलं ते तुम्ही. आणि चार माणसांसमोर तोंड उघडायला घाबरणाऱ्या मला आज हे लिहायला बसवलंय तेही तुम्हीच. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात तुमच्यावर काहीतरी हवं म्हणून खालच्या मजल्यावरचे दातारकाका वर आले होते. म्हणाले, "जन्म, शिक्षण, नोकरी ते मी लिहितो. तू बाकीचं लिही." मी म्हटलं, बाकीचं म्हणजे काय? तर म्हणाले, "ते मला माहीत असतं तर मीच नसतं का लिहिलं?" तुमच्यासारखंच बोलायला लागलेत.

आणि झालं ते असं, की तुम्ही गेलात. अजून महिना झालेला नाही. मी खाली कोथिंबीर आणायला गेले होते. वर आले तर तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत, मान खिडकीकडे, चहा अर्धा. मला वाटलं डोळा लागला असेल. मी कोथिंबीर धुतली, फडक्यावर पसरली, आणि मग हाक मारली.

आता वारज्याच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी आहे. तुमचा भाचा चांगला आहे. नाशिकहून आला, सगळं केलं, जाताना म्हणाला, उन्हाळा संपेपर्यंत राहा, मग बघू. राहतेय. सवयीनं दोन कप काढते आणि एक परत ठेवते. गॅस बंद केलाय का ते बघायला परत परत उठते. पूर्वी तुम्ही आतून ओरडायचात, "बंद आहे गं! मी वास घेतलाय!" आता वास घेणारं कोणी नाही, म्हणून मला जास्तच वेळा उठावं लागतं.

पण मला लिहायचंय ते आपल्या भांडणाचं. ते अर्धं राहिलं. माझ्या बाबांवरून झालेलं.

मी आले होते स्वयंपाकाला. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला होता, कडेचं दिसायचं, समोरचं नाही. "मला माणसाकडे बघायचं तर दुसरीकडे बघावं लागतं," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, आणि मला वाटलं ही बाई माझ्यावर नाराज आहे. मग एका सकाळी पोळ्या लाटताना तुम्ही पेपर पुढे केलात. वाच. मी म्हटलं, काकू, मी आठवीपर्यंतच शिकले. तुम्ही म्हणालात, "मग आठवीपर्यंतचं वाच. पुढचं आलं की थांब." मी पूर्ण पान वाचलं. आठवीच्या पुढचं नेमकं कुठून सुरू झालं ते मला कळलंच नाही.

तुमचं सगळं आयुष्य जुन्या तापमानाच्या नोंदी तपासण्यात गेलं होतं. रिटायर झाल्यावर तुम्ही पेपरच्या पुरवणीत त्यावर लिहायला लागलात, हवामान बदलतंय म्हणजे काय, किती, कशावरून. तुम्ही सांगायचात, मी मोबाईलवर टाइप करायची. लेख आला की खाली लोकांच्या कमेंट यायच्या. त्या वाचून दाखवणं हेही माझंच काम. किती घाण लिहायचे लोक! माझी जीभ अडायची. तुम्ही शांत. प्रत्येक कमेंटनंतर एकच प्रश्न, "हा विचारतोय की भांडतोय?"

"भांडतोय, काकू."

"बरं. पुढचा."

"हा म्हणतो, म्हातारीला परदेशातून पैसे मिळतात."

"त्याला विचार कुठून. सिलिंडर आणायचाय."

जो विचारत असेल त्याला मात्र तुम्ही उत्तर द्यायचात, कितीही वेडा प्रश्न असो. एकानं विचारलं होतं, आमच्या सोसायटीतलं जांभूळ यंदा लवकर धरलं, हे त्यामुळेच का? त्याच्यासाठी तुम्ही पूर्ण दुपार घातलीत. शेवटी काय लिहायला लावलंत? "असेलही. एका झाडावरून मला सांगता येणार नाही." मला इतकं फुकट वाटलं ते! एवढी दुपार, आणि उत्तर हे?

मंडईत तर उलटं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय करणार ताई, हवामान बदललं, म्हणून कोथिंबीर महाग." तुम्ही म्हणालात, "हवामानाचं मला बघावं लागेल. महाग तुम्ही केलीत, एवढं आत्ता दिसतंय." त्या इतक्या हसल्या की कढीपत्ता तसाच पिशवीत टाकला.

तुमचे ते तीन ढीग. मेथी तुम्ही हातानंच निवडायचात, पानं एकीकडे, काड्या एकीकडे, आणि सडकं की चांगलं ते बोटांना कळेना ते तिसरीकडे, माझ्यासाठी. बोलणंही तुम्ही तसंच निवडायचात. माहीत आहे, वाटतं, माहीत नाही. आमटीवरसुद्धा. "मीठ जास्त आहे, हे माहीत आहे. तुझं लक्ष नव्हतं, असं वाटतं. कुठं होतं, ते माहीत नाही." माझं लक्ष घरी असायचं, काकू. तुम्हाला ते माहीत होतं, पण तुम्ही तिसऱ्या ढिगात टाकायचात, म्हणजे मला सांगायचं असेल तर सांगता येईल.

संध्याकाळी खालच्या बाकावर दातारकाकांशी तुमची रोजची कुस्ती. ते रिटायर इंजिनीअर, आवाज मोठा. "अहो शैलाबाई, आमच्या लहानपणीही एप्रिलात डांबर वितळायचं!"

"वितळायचं ना. तुमचं लहानपण गार होतं असं मी कधी म्हटलं?"

"मग बदललं काय?"

"ते मी कित्येक वर्षं सांगतेय. तुमचा आवाज थांबला की ऐकू येईल."

ते चिडून उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी बाकावर हजर. कुठल्यातरी पेपरातलं तुमच्याविरुद्धचं कात्रण खिशात घालून आणायचे. तुम्ही मला ते मोठ्यानं वाचायला लावायचात, आणि एकेक वाक्य खोडायचात. एकदा एक वाक्य तुम्ही खोडलं नाहीत. म्हणालात, "हे बरोबर आहे. हे आम्हाला अजून नीट कळलेलं नाही." दातारकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जिंकून त्यांना करमेना.

मग लोणी काळभोरचं ते भाषण. कॉलेजचा हॉल, पंखे गरगर, मी पहिल्या रांगेत तुमची पाण्याची बाटली धरून. शेवटी एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, एवढं सगळं ऐकलं. यस ऑर नो सांगा ना. अर्धे लोक म्हणतात खरंय, अर्धे म्हणतात सगळं खोटं. तुम्ही पण मध्येच म्हणता सांगता येत नाही. मग आम्ही काय धरून चालायचं?"

पोरं हसली. तुम्ही त्याच्याकडे बघण्यासाठी मान दुसरीकडे वळवलीत. "तू तीन प्रश्न एकात घातलेस, बाळा. पृथ्वी तापतेय का? हो. माणसामुळे? हो. यात अर्धे-अर्धे काही नाही, ते टीव्हीवर दोन खुर्च्या मांडतात म्हणून तसं दिसतं. तुझ्या गावात यंदा काय होईल? ते मला माहीत नाही. आता एक कर. या शेवटच्या 'माहीत नाही'नं आधीचे दोन 'हो' पुसू नकोस. आणि त्या दोन 'हो'च्या जोरावर, माहीत नसलेलं माहीत आहे असंही म्हणू नकोस."

तो मुलगा खाली बसला. विचारणारा होता, भांडणारा नव्हता. माझ्या मनात मात्र काहीतरी हललं. परत येताना टॅक्सी हडपसरच्या गर्दीत अडकली होती, तेव्हा मी विचारलं.

माझे बाबा गेले ते मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात. आमच्याकडे चंद्रपूरच्या जंगलात सगळं गाव तेव्हा ही विडीची पानं तोडायला जातं. पहाटे जायचं, पानांचे पुडे बांधायचे, आणि दुपारी फळीवर न्यायचे. फळी म्हणजे ते पुडे मोजून घेतात ती जागा, उघडं मैदान. बाबा त्या रांगेत उभे होते आणि पडले. उठले नाहीत. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, प्यायला होता. गावानं तेच धरलं. बाबांनी दारू केव्हाच सोडली होती. बुद्धविहारात सगळ्यांसमोर सोडली होती. पण एकदा प्यायलेला माणूस गावासाठी कायम प्यायलेलाच असतो. आणि बाबा दारूनं गेले म्हटल्यावर ऊन निर्दोष सुटलं. ऊन काही करत नाही, दारू करते. म्हणून दर मे महिन्यात माझी आई त्याच मैदानात, त्याच रांगेत, भर दुपारी उभी राहते.

मी टॅक्सीत म्हटलं, "काकू, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही लिहून द्या. बाबा वाढलेल्या उन्हानं गेले. तुमचं नाव असलं की गाव मानेल. आई जायची थांबेल."

तुम्ही म्हणालात, "असा उन्हाळा येण्याची शक्यता वाढली आहे, हे लिहून देते. तशा उन्हात उभा माणूस पडून मरू शकतो, हेही देते. पण तुझे बाबा त्यानंच गेले, हे मी देऊ शकत नाही. मी तिथं नव्हते. कोणी त्यांना तपासलं नाही."

बस. एवढं ऐकून मी वारज्यापर्यंत बोलले नाही. जांभळाच्या झाडासाठी दुपार घालणारी बाई माझ्या बापासाठी एक वाक्य देत नाही, असंच मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात, भिंत चाचपत. म्हणालात, "करुणा, ऐक. मी काल म्हटलं मला माहीत नाही. पण याचा अर्थ..." आणि मी मिक्सर लावला. चटणीचा. ओल्या खोबऱ्याला लागतं त्याच्या कितीतरी पट वेळ मी तो चालू ठेवला. तुम्ही हलला नाहीत. दाराची चौकट धरून, तोंड बाजूला करून, म्हणजे माझ्याकडेच बघत, उभ्या राहिलात. मिक्सर थांबला तेव्हा एवढंच म्हणालात, "पातळ झाली असेल. इडल्या कर." आणि गेलात.

ते वाक्य पुरं करायला तुम्ही परत आला नाहीत. मीही मागितलं नाही. मला वाटलं, वेळ आहे.

त्याऐवजी तुम्ही वेगळंच केलंत. मला म्हणालात, आईला फोन लाव, स्पीकरवर ठेव. मला भीती, आई काय बोलेल, तुम्हाला तिची भाषा कळेल का. तुम्ही भलतंच विचारलंत. "करुणाचे बाबा गेले तेव्हा रात्री झोप लागायची का हो तुम्हाला?"

"झोप कायची, मेडम? रातच्यालेही घराच्या भिती तापूनच राहायच्या. पाणी मारलं तं वाफ निघे. बाज आंगनात टाकली तरी घामानं थबथब."

"लहानपणी अशा रात्री होत्या?"

आईला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. "दिवसा ऊन होतं जी, तवाही होतं. पन रात निवे. पहाटं गोदडी लागे."

तुम्ही मला खुणेनं टिपून घ्यायला सांगितलंत, जसं एखाद्या मोठ्या माणसाचं घेतात. मग हळूच विचारलंत, "यंदा तुम्ही फळीवर जाणार?"

"जानारच ना. उनानं कोनी मरते का? मरायचं असतं तं मी कवाचीच मेली असती. करुनाच्या बापाचं तं लोक दारूच सांगते. त्यानं सोडली होती हो मेडम, म्या डोळ्यानं पायलं. पन लोकायचं तोंड कोन धरन?"

तुम्ही म्हणालात, "मी येते. मे लागायच्या आधी. तुमच्या विहारापुढे बसू, बोलू." आई लाजून हसली, म्हणाली, या, आंबील करते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, काकू, एवढ्या लांब, या वयात? "जमेल असं वाटतं," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या ढिगातलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी बिल्डिंगखाली माणसं जमली होती. प्रत्येकाकडे कारण होतं. कोणी म्हणालं, गोळ्या वेळेवर घेत नसतील. कोणी म्हणालं, गॅलरीत वाऱ्याला बसायच्या ना. एक बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "नेटवरच्या शिव्या मनाला लावून घेतल्या गं त्यांनी." डॉक्टर फक्त म्हणाले होते, वय होतं, हृदय थांबलं, त्याच्या मागचं नेमकं सांगता येणार नाही. मी जिन्यात उभी होते आणि मला सगळ्यांचा संताप आला. तुम्हाला शिव्यांनी मारलं? तुम्हाला? सिलिंडर मागणाऱ्या बाईला? मी कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "आपल्याला माहीत नाही." आवाज माझा होता, पण मला वाटलं तुम्हीच मागून बोललात.

रात्री माझ्या पद्धतीनं एक मेणबत्ती लावली. तुम्हाला देवाधर्माचं काहीच नव्हतं, म्हणून काय लावावं ते मला ठरवता आलं नाही.

परवा दातारकाका अंकाचं सांगायला आले तेव्हा खिशात हात घालून दारातच उभे राहिले. मी म्हटलं, बसा ना काका. त्यांनी खिशातून कात्रण काढलं. घडी पडून मऊ झालेलं. "हे त्यांच्यासाठी ठेवलं होतं. आता..." मी त्यांच्या हातातून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, तुम्ही लावायचात तसं, एकेक वाक्य थांबून. खोडायला कोणी नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "फालतू आहे. एका वाक्यात उडवलं असतं त्यांनी." मग कपाळ चोळत म्हणाले, "मला एकदा काय म्हणाल्या माहितीये? मी म्हटलं, शैलाबाई, तुम्हालाच सगळं माहीत नाही, मग कशाला बोलता? तर म्हणतात, अहो दातार, जे मला माहीत नाही, ते तुम्हालाही माहीत नाही. मग तुम्ही एवढ्या खात्रीनं कसे बोलता?"

काकू, मी तिथंच खाली बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाणी आणायला धावले, आणि तुमच्या स्वयंपाकघरात त्यांना ग्लास सापडेना.

तुमचं अर्धं वाक्य हेच होतं का? "मला माहीत नाही, पण याचा अर्थ..." गावालाही माहीत नाही, हा? ठेकेदाराच्या माणसालाही माहीत नाही? मला वाटतं हेच होतं. नक्की सांगता येणार नाही. मी मिक्सर लावला होता. मला गावाच्या त्या खोट्याच्या बदल्यात दुसरं पक्कं वाक्य हवं होतं, तुमच्या सहीचं. तुम्ही मला ते खोटं नुसतं हातातून खाली ठेवायला सांगत असाल. बाबांचं नाव स्वच्छ व्हायला तेवढं पुरलं असतं. मी तेव्हा ऐकलं असतं तर तुम्ही ते आईलाही फोनवर सांगितलं असतं, तुमच्या आवाजात. आता माझ्या आवाजात सांगावं लागेल, आणि माझा आवाज कापतो.

मी जाणार आहे. मे लागायच्या आधी, तुमच्या जागी. विहारापुढे बसेन. तेंदूची पानं घेईन आणि त्यांच्यासमोर तीन ढीग करेन. पहिल्यात: ऊन वाढलंय, रात्री निवत नाहीत, आणि भर दुपारी उघड्यावर रांगेत उभा राहिलेला माणूस, प्यायलेला असो नसो, मरू शकतो. म्हणून फळी ऊन उतरल्यावर लावा, नाहीतर सावलीत लावा, आणि तोवर माझी आई त्या रांगेत उभी राहणार नाही. दुसऱ्यात: मला वाटतं माझ्या बाबांना त्या उन्हानं नेलं. तिसऱ्यात: ते कशानं गेले, हे मला माहीत नाही. आणि तुम्हालाही माहीत नाही. तिसरा ढीग मी त्यांच्यासमोर तसाच ठेवून उठेन.

ऐकतील का, ते सांगता येत नाही. कोणीतरी म्हणेल, आठवी शिकलेली आम्हाला शिकवते. मी मनात विचारेन, हा विचारतोय की भांडतोय, आणि पुढच्याकडे वळेन. आणि एखादी पोर माझ्यासारखी रागानं उठून आत गेली, तर मी तिच्या दारात उभी राहीन, तिचा आवाज थांबेपर्यंत. पण मी नुसती इडल्यांचं बोलून परत फिरणार नाही, काकू. वाक्य पुरं करेन. तुमची एवढी परतफेड मी एक दिवस नक्की करेन. 'नक्की' हा शब्द मी विचार करून लिहिलाय.